चेंगराचेंगरीचा कर्ता कोण?

मराठी व्याकरणाच्या तासाला कर्ता ओळखण्याची एक सोपी युक्ती आपण सारेच सांगत आलो आहोत. धातूला 'णारा' हा प्रत्यय लावायचा आणि 'कोण?' असे विचारायचे. 'गवळी दूध काढतो.' काढणारा कोण? गवळी. आता हीच युक्ती वर्तमानपत्रातल्या परिचित वाक्यांना लावून पाहू. 'कबड्डीच्या सामन्यात गॅलरी कोसळली.' कोसळणारी कोण? गॅलरी. 'क्रिकेटच्या मैदानावर भिंत पडली.' पडणारी कोण? भिंत. उत्तर व्याकरणात बसते, त्याला पूर्ण गुणही मिळतात. मात्र ज्यांनी ती गॅलरी बांधली, बांधून घेतली, तपासली किंवा न तपासताच तिच्यावर माणसे बसवली, ते सर्वजण वाक्याच्या बाहेर सुखरूप राहतात.

'चेंगराचेंगरी' हा शब्द तर याहून एक पाऊल पुढे जातो. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी या अभ्यस्त शब्दांच्या कुळातला तो आहे. या कुळातल्या शब्दांत क्रिया परस्परांवर होते. मारामारीत प्रत्येकजण मारतो आणि मार खातो. हीच घडण 'चेंगराचेंगरी'ला लाभल्यामुळे त्या घटनेत मेलेला माणूस नकळत निम्मा आरोपी ठरतो. पुढे 'गर्दी अनावर झाली', 'उत्साहाला उधाण आले', 'दुर्दैवी घटना' असे ठरावीक शब्दप्रयोग येतात आणि बातमी पूर्ण होते. चौकशीला सुरुवात होण्यापूर्वीच भाषेने निकाल दिलेला असतो.

साहित्याला वाहिलेल्या या जागेवर मैदानी खेळांच्या प्रेक्षकांचा प्रश्न कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण प्रेक्षक हा आपल्याच शास्त्राचा विषय आहे. रसचर्चा करताना आपण त्याला सहृदय म्हणतो, त्याच्या चित्तवृत्तींचे सूक्ष्म विश्लेषण करतो. तो ज्या बाकावर बसला आहे तो बाक त्याचे वजन पेलेल का, हा प्रश्न मात्र आपण मांडववाल्यावर सोपवतो. नाट्यशास्त्राने तो तसा सोपवलेला नाही. पहिल्या अध्यायातली कथा सर्वांना ठाऊक आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग उघड्यावर झाला, विघ्नांनी नटांची वाणी, गती आणि स्मृती गोठवली, इंद्राने जर्जराने त्यांना झोडपले, आणि मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्यास सांगितले. म्हणजे आपल्या परंपरेत नाट्यगृहाचा जन्मच सुरक्षिततेच्या तक्रारीतून झाला आहे. दुसऱ्या अध्यायात मापे येतात, पायऱ्यांसारखी चढत जाणारी आसने येतात, आणि खांब उभारताना तो हलू नये, वळू नये, कापू नये अशी सक्त ताकीद येते. तसे झाल्यास अवर्षण, मरण, परचक्र अशी संकटे ओढवतात असे तिथे म्हटले आहे. भाषा शकुन-अपशकुनाची असली तरी सूचना स्थापत्याची आहे. या कथेतला आणखी एक तपशील लक्षणीय आहे. रंगभूमीच्या वेगवेगळ्या भागांना, नायकाला, नायिकेला, अगदी विदूषकालाही रक्षणकर्ता देव नेमून दिलेला आहे. प्रेक्षकाच्या नावाने असा देव त्या यादीत दिसत नाही. दारावर द्वारपाल म्हणून उभे आहेत ते नियती आणि मृत्यू.

ही केवळ काव्यात्म योजना मानता येत नाही, कारण प्रेक्षक बहुधा दारातच मरतात. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आयपीएल विजयाच्या जल्लोषात अकराजणांनी प्राण गमावले, ते प्रवेशद्वारांपाशी. सुमारे पस्तीस हजार क्षमतेच्या मैदानाकडे लाखो लोक लोटले होते. त्याआधी १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या फुटबॉल सामन्यात सोळा प्रेक्षक गेले. २२ मार्च २०२१ रोजी तेलंगणातल्या सूर्यापेट येथे कुमार गटाच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत प्रेक्षकांसाठी उभारलेली तात्पुरती गॅलरी खाली आली आणि शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला हे दुःख नागपुरात आले. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामन्याच्या दिवशी पूर्वेकडच्या स्टँडची नव्याने बांधलेली भिंत कोसळून किमान नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. सामना पूर्ण झाला. नेथन ॲस्टलचे शतक आणि न्यूझीलंडचा विजय आकडेवारीच्या पुस्तकांत आहे. त्या नऊ जणांची नावे क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात आज कितीजणांना सांगता येतील?

गर्दीतल्या मृत्यूंविषयीचा आपला सर्वसाधारण समज असा की लोक बेभान होऊन पळतात आणि एकमेकांना तुडवतात. गर्दीचा शास्त्रीय अभ्यास करणारे वेगळे सांगतात. एका चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसे झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की व्यक्तीचे स्वतःच्या शरीरावरचे नियंत्रण संपते आणि जमाव पाण्यासारखा हेलकावू लागतो. अशा वेळी बहुतेकांचा मृत्यू छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतो, पुष्कळदा उभ्या उभ्याच. मागून येणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नसते. तो ढकलत नसतो, फक्त चालत असतो. अशा ठिकाणी 'परस्पर' असे काही उरत नाही. जागा किती, दारे किती, आत किती सोडले आणि पुढची बातमी मागे कशी पोहोचली, या चार गोष्टींवर जगणे-मरणे ठरते आणि या चारही गोष्टी आयोजकाच्या हाती असतात. 'चेंगराचेंगरी' या शब्दात त्यांपैकी एकीलाही जागा नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. जालना जिल्ह्यात खेळ पाहणे म्हणजे स्टेडियममध्ये जाणे नव्हे. यात्रेतल्या कुस्त्या, उन्हाळ्यातले कबड्डीचे सामने आणि आता पुन्हा भरू लागलेले शंकरपट, ही आपली मैदाने. यांतली बहुतेक मैदाने वर्षातले तीनशे साठ दिवस शेत, पटांगण किंवा बाजारतळ असतात. आठवड्याभरात बल्ल्या उभ्या राहतात, फळ्या टाकल्या जातात, दोर बांधला जातो आणि हजारो माणसे जमतात. सपाट जमिनीवर मागच्या माणसाला काही दिसत नाही, म्हणून पुढची रांग पुढे सरकते, ती सरकली की तिच्या मागची सरकते. शंकरपटात धावपट्टीच्या दोन्ही अंगांना अशी माणसांची भिंत तयार होते आणि पट्टी अरुंद होत जाते. भरधाव सुटलेल्या जोडीला शेवटच्या रेषेवर थांबता येत नाही. तिला पुढे मोकळे रान लागते. नेमक्या त्याच रानात निकाल जवळून पाहण्यासाठी सर्वांत दाट गर्दी असते. धुरकऱ्याच्या हातून कासरा सुटला तर बैलांनी जायचे कुठे?

बैलांच्या बाबतीत आपण खूप विचार केला आहे आणि तो करायलाच हवा होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या नऊ वर्षांत बैलाची वेदना, शेतकऱ्याची परंपरा, देशी गोवंश या विषयांवर अग्रलेख झाले, मोर्चे निघाले. दोराजवळ उभ्या असलेल्या माणसाविषयी या साऱ्या वादात फारसे कोणी बोलल्याचे आठवत नाही. दहीहंडीचेही तसेच. सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांनी नेटाने न्यायालयीन लढा दिला. त्यातून २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि थरांच्या उंचीला वीस फुटांची मर्यादा घातली. पुढे २०१७ मध्ये वयाची अट चौदा वर्षांवर आली आणि उंचीची मर्यादा गेली. निकालाविषयी मतभेद असू शकतात. पण गोविंदाच्या जिवाची किंमत न्यायालयाला विचारावी लागली, आणि ती विचारणारी एक सामान्य नागरिक होती, हे महत्त्वाचे. बैलाला वकील मिळाला, गोविंदालाही मिळाला. पाहणाऱ्याला अजून मिळायचा आहे.

'पण तो स्वतःच्या मर्जीने येतो ना?' हा पहिला आक्षेप. तो क्षुल्लक नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत तो शंभर वर्षे कायदा म्हणून टिकला. या खेळात बॅटला लागून वाकडा गेलेला चेंडू ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने प्रेक्षकांत घुसू शकतो. १९१३ पासून तिथल्या न्यायालयांनी साधारण अशी भूमिका घेतली, की क्लबने फलंदाजामागच्या काही जागा जाळीने संरक्षित केल्या की त्याचे कर्तव्य संपले. इतरत्र बसणाऱ्याने धोका पत्करलेला आहे. तिकिटाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत हेच छापलेले असे. एका वाङ्मयप्रकारासारखी ही बारीक अक्षरे वाचण्याजोगी आहेत. त्यांचा कर्ता नेहमी प्रेक्षक असतो: 'तिकीटधारक धोका स्वीकारतो.' पण दोन वर्षांचे मूल काय स्वीकारते? सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये एका चिमुरडीच्या तोंडावर चेंडू बसला. ऑगस्ट २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला चेंडू डोक्याला लागून एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. मे २०१९ मध्ये ह्यूस्टनला पुन्हा एक लहान मुलगी जखमी झाली आणि ज्याच्या बॅटवरून चेंडू गेला तो खेळाडू मैदानातच रडू लागला. जखमींचे नातेवाईक, साधे प्रेक्षक आणि काही खेळाडू जाळ्या वाढवा म्हणून मागणी करीत राहिले. जाळीमुळे दृश्य बिघडेल, महागड्या जागांवरचे गिऱ्हाईक नाराज होईल, असे त्यांना ऐकवले गेले. अखेर २०१८ च्या हंगामापर्यंत तिसांपैकी तीसही संघांनी खेळाडूंच्या कक्षाच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाळ्या नेल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्या आणखी पुढे नेण्याची घोषणा झाली. लोक अजूनही सामने पाहतात. जाळीतून पाहायची डोळ्यांना दोन षटकांत सवय होते, असे आपल्या क्रिकेटच्या भाषेत म्हणता येईल.

दुसरा आक्षेप शिस्तीचा: 'आपल्या लोकांना शिस्तच नाही.' हे वाक्य इंग्लंडमध्येही उच्चारले गेले होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात उभ्या प्रेक्षकांच्या कुंपणबंद कप्प्यांत माणसे चिरडली गेली. मृतांची संख्या पुढे सत्त्याण्णववर गेली. पोलिसांच्या आदेशाने बाहेरचे एक दार उघडले गेले होते आणि त्यातून आलेला लोंढा आधीच भरलेल्या कप्प्यांकडे गेला होता. पण काही दिवसांतच एका खपाच्या वृत्तपत्राने 'सत्य' अशा मथळ्याखाली सारा दोष दारुड्या, हुल्लडबाज प्रेक्षकांवर टाकला. लिव्हरपूलच्या मृतांचे आईबाप, भाऊबहिणी या एका मथळ्याविरुद्ध सत्तावीस वर्षे लढले. त्यांच्यात कारकून होते, शिक्षक होते, गृहिणी होत्या. २०१६ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला: मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाले, प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नव्हता. या लढ्यात नुकसानभरपाई हा मुद्दा होता, तसेच वाक्यातला कर्ता बदलणे हाही होता. आपल्याकडे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी एकोणसाठ प्रेक्षक धुरात गुदमरून गेले, तेव्हा त्यांच्या नातेवाइकांनी संघटना बांधून असाच दीर्घ लढा दिला. जादा खुर्च्या बसवण्यासाठी बाहेर पडण्याची वाट बंद केली होती, ही गोष्ट त्यांनी न्यायालयाच्या दप्तरी नोंदवून घेतली. 'आग लागली' या वाक्याच्या जागी 'वाट बंद केली' हे वाक्य आले. पहिल्यात कर्ता शोधावा लागत नाही, दुसऱ्यात तो शोधल्यावाचून राहवत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: 'खर्च कोण करणार? कागदपत्रांच्या ओझ्याखाली गावाचा खेळच मरेल.' लोकवर्गणीवर चालणाऱ्या यात्रा समितीला लाखोंचे लोखंडी स्टँड परवडणार नाहीत, हे खरे. पण सुरक्षितता म्हणजे लोखंडच असे नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेला उतार अशी ती रचना आहे. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसते, म्हणून रेटारेटीचे कारणच उरत नाही. आणि उतार जमिनीचाच असल्याने कोसळण्याची धास्ती नाही. महाराजांनी रोममधले कलोसियम पाहिले होते, असे सांगतात. पण मातीच्या उतारावर बसून कुस्ती पाहणे हे आपल्या मुलुखाला परके नाही. गावाजवळ टेकडीचा, तळ्याच्या बांधाचा उतार असतो. सामन्याची जागा निवडताना तो ध्यानात घ्यायला पैसे पडत नाहीत. धावपट्टीच्या टोकापुढचे रान मोकळे ठेवायला, दोराच्या जागी मध्ये अंतर सोडून दुहेरी कठडा घालायला, बायका-मुलांची जागा वळणावर न ठेवता सुरुवातीच्या बाजूस ठेवायला खर्च थोडा लागतो, विचार मात्र आधी करावा लागतो. तमिळनाडूने जल्लीकट्टूच्या २०१७ च्या नियमांत दुहेरी कठडे आणि प्रेक्षक-गॅलरीची तपासणी यांना स्थान दिले आहे, आणि जल्लीकट्टू त्यामुळे बंद पडलेला नाही.

मग करायचे काय? चळवळ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. मला इथे अभिप्रेत असलेली चळवळ पुष्कळशी प्रश्न विचारण्याची आहे आणि ती खेळाच्या आधी करायची आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. यात्रेपूर्वीच्या सभेत कोणीतरी उभे राहून विचारावे: मैदानात माणसे किती मावतात, आणि हा आकडा कोणी काढला? बाहेर पडायच्या वाटा किती आणि त्या वाटांवर दुकाने लावली आहेत का? गॅलरी कोण बांधणार आणि ती तपासून सही कोण करणार? रुग्णवाहिका कुठे उभी राहणार आणि तिचा रस्ता वाहनांनी अडणार नाही ना? खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाला? गॅलरीच्या प्रश्नाला मोजमाप आहे. जिथे बांधीव आसने नाहीत अशा सभास्थानांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने पाचशे किलो भार धरला जातो. उड्या मारणाऱ्या तरुणांचा भार बसलेल्यांपेक्षा निराळा असतो, हेही मांडववाल्याला सांगावे लागेल. गर्दीच्या नियोजनावर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१४ ची मार्गदर्शिका उपलब्ध आहे. परवानगीच्या अटींची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. या पाच प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली, तर पुढे काही घडल्यास 'गॅलरी कोसळली' एवढ्यावर वाक्य थांबणार नाही, कारण सहीचे नाव कागदावर असेल. आणि सही करणारा हे जाणून असेल, तर गॅलरी बहुधा कोसळणारच नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा जालन्यात झाली. बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा पटकावली. आपल्या शहराने राज्याची कुस्ती पाहिली, याचा अभिमान आजही गप्पांत ऐकू येतो आणि तो योग्यच आहे. अशा स्पर्धा इथे पुन्हा याव्यात असे वाटत असेल, तर पाहुण्या प्रेक्षकाला सुखरूप घरी पाठवणारे शहर हीही आपली ओळख व्हायला हवी.

शेवटी आपल्या, म्हणजे अध्यापकांच्या, वाट्याचे काम. यात्रेत आणि सामन्यांत दोराला धरून उभे राहणारे स्वयंसेवक बहुधा आपलेच विद्यार्थी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आपणच पाठवतो. त्यांना आपण शिट्टी आणि बिल्ला देतो, पण गर्दी किती दाट झाली की धोका असतो आणि कोणाला कळवायचे, हे सांगत नाही. शिवाय वार्षिक स्नेहसंमेलनात आपलेच सभागृह आणि त्याचे एकच उघडे दार असते. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात महोत्सवाच्या संध्याकाळी खुल्या प्रेक्षागृहाच्या पायऱ्यांवर चारजण मृत्युमुखी पडले, त्यांत विद्यार्थी होते. आपल्या महाविद्यालयात त्या संध्याकाळी दुसरे दार उघडे ठेवणे, त्याची किल्ली कोणाकडे आहे हे फलकावर लिहिणे, एवढे तर येत्या संमेलनापासून करता येईल. वृत्तलेखनाच्या घटकात 'चेंगराचेंगरीत ठार' हा मथळा देऊन, कर्ता शोधून तो पुन्हा लिहा, असा एक प्रश्नही घालता येईल. विद्यार्थ्यांना पहिल्या प्रयत्नात तो जमणार नाही, कारण त्यासाठी मथळ्याबाहेरची माहिती लागते. ती कोठून आणायची, कोणाला विचारायची, हे त्यांनी शोधू लागणे हीच या कामाची सुरुवात ठरेल, असे वाटते.